काकीसाहेबांचा ट्रक

माझं सामान टेम्पोतून उतरत होतं तेव्हा काकीसाहेब दारात उभ्या राहून प्रत्येक वस्तू निरखत होत्या. गादी, शेगडी, पुस्तकांची खोकी, कशावरच त्यांची नजर ठरली नाही. मग हमालानं माझ्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उचललं आणि त्या एकदम पुढे झाल्या.

"आरामात, भिया, आरामात! काच आहे त्याला."

हमालाला तिथेच थांबवून त्यांनी कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर तळहात ठेवला, मग मागच्या बाजूला ठेवला, आणि मला विचारलं, "हवा कुठून येते, कुठून जाते?"

मला वाटलं, खोलीबद्दल बोलताहेत. म्हटलं, "खिडकी पूर्वेला आहे, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"खोलीचं नाही गं बेटा. ह्याचं."

"पुढून आत येते, मागून बाहेर जाते."

"शाब्बास. वरची खोली तुझी."

खोली खरं तर आठवडाभरापूर्वीच ठरली होती. पण काकीसाहेबांच्या लेखी ती त्या उत्तरानंतर ठरली.

मी जळगावची. इंदूरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून आले होते. इमारतींची चित्रं कॉम्प्युटरवर तयार करायचं काम, म्हणून ते भलंमोठं यंत्र बरोबर. बडा गणपतीच्या मागच्या गल्लीतलं हे घर एका ओळखीच्यांनी सुचवलं होतं. "बाई चांगल्या आहेत, फक्त जरा वेगळ्या आहेत," एवढंच ते म्हणाले होते. काकीसाहेब शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सासरची मंडळी संस्थानाच्या काळात कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होती. हुद्दा गेला, कचेरी गेली, पण नावापुढचं 'साहेब' तेवढं राहिलं. गल्लीतली हिंदी बोलणारी माणसं मात्र त्यांना सरळ 'काकीजी' म्हणत.

त्यांचं मराठी ऐकून पहिले काही दिवस मला हसू यायचं. "पहले चहा पिऊन घे, मग परेशान हो," असं त्या म्हणायच्या. "ते तर आहेच नी," हे त्यांचं सगळ्याच गोष्टींवरचं उत्तर. पुढे पुढे मी जळगावला फोनवर तसंच बोलायला लागले आणि आई विचारायला लागली, "तुला झालंय तरी काय?"

हवेच्या वेडाचं कारण मला दुसऱ्याच दिवशी कळलं. संध्याकाळी चहा झाल्यावर खालून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा अंग चोरून शिरायची, तिथे ट्रक कुठला? मी जिना उतरून गेले. काकीसाहेब साडीचा काठ वर खोचून, अनवाणी, एका टेबलाशी बसल्या होत्या. टेबलावर स्टिअरिंग, पायाशी पेडल, समोर स्क्रीनवर एक लांबलचक महामार्ग. परक्या देशातला, दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं.

"बस," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "बोलू नकोस. वळण आहे."

वळण संपलं. मागून एक गाडी घाईनं पुढे गेली. काकीसाहेबांनी खिडकीतून बघावं तसं स्क्रीनच्या कडेला बघितलं. "जा, जा. तुझ्या घरी दूध उतू चाललं असेल."

पुढे लाल सिग्नल लागला. चारी रस्ते ओस पडलेले, तरी त्या थांबल्या. सिग्नल हिरवा होईपर्यंत त्यांनी मला माझं गाव, आईवडील, पगाराचा दिवस आणि दाढ किडली आहे का, हे सगळं विचारून घेतलं.

ट्रक चालवायची त्यांना लहानपणापासून हौस. माहेर मानपूरचं, आग्रा-मुंबई रस्त्याला लागून घर. शाळेत बाईंनी विचारलं, मोठेपणी कोण होणार? हिनं उत्तर दिलं, ट्रक ड्रायव्हर. त्यावर एक थप्पड मिळाली. "म्हणून भूगोल घेतला," त्या सांगत. "रस्ते तरी शिकवता येतात."

गल्लीला ह्या सगळ्याची सवय होती. सकाळी दूधवाला विचारायचा, "काकीजी, कल गाडी किधर तक गई?" आणि काकीसाहेब गंभीरपणे उत्तर द्यायच्या, "पहाडों तक. आगे बर्फ थी." त्यात चेष्टा नव्हती. दूधवाला मान डोलावायचा आणि बर्फाबद्दल एखादा प्रश्नही विचारायचा.

त्यांच्या कॉम्प्युटरला एकच रोग होता. तो तापायचा. तासाभरानं आतला पंखा घरघरायला लागायचा, चित्र अडखळायचं, आणि अगदीच झालं तर यंत्र स्वतःच बंद व्हायचं. इंदूरच्या मे महिन्यात माझंही यंत्र तापायचं, पण मी ते सोडून द्यायची. काकीसाहेब सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी माणसांचीही तशीच तपासणी चालवली होती. समोरचे वकीलसाहेब सारखे ओरडतात, का? "हवा आत येते भरपूर, बाहेर जायला जागा नाही." मी एकदा ऑफिसातल्या भांडणानंतर जेवले नाही, तेव्हा जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "मागचा पंखा बंद पडला आहे तुझा. बोल, काय झालं?" आणि मी बोलले.

एका रविवारी आम्ही दोघी जेल रोडला जाऊन चार पंखे आणि कॅबिनेटच्या आत लावायची रंगीत दिव्यांची पट्टी घेऊन आलो. दुकानदार त्यांना ओळखून होता आणि जरा बिचकूनही होता. त्यानं पट्टी लावून दाखवली, लाल-निळे-हिरवे दिवे धावायला लागले. मला ते लग्नाच्या मांडवासारखं वाटलं. पंख्यांचं मी समजू शकत होते, पण दिवे कशाला? मी तसं म्हटलंही.

"दिवे तर पाहिजेतच," काकीसाहेब म्हणाल्या. पुढे एक शब्द नाही. ही बाई कधी कमी बोलते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नाहीतर मी तिथेच ओळखलं असतं की काहीतरी आहे.

पंखे लावायचं आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरवलं होतं. मी ऑफिसातून येईपर्यंत त्यांनी चारही पंखे स्वतःच लावून टाकले होते. पेचकस कमरेला खोचून त्या माझी वाटच बघत होत्या.

"लावून बघू?"

यंत्र सुरू केलं. चारही पंखे छान फिरत होते, पण तासाभरात यंत्र पूर्वीपेक्षा जास्त तापलं. काकीसाहेब विचारात पडल्या. मग देवघरातून उदबत्ती आणली, पेटवली आणि कॅबिनेटच्या जाळीसमोर धरली. धूर आत ओढला गेला. वरच्या जाळीवर धरली, तिथेही आत. मागे धरली, तिथेही आत. काचेतून आम्हाला दिसत होतं, धूर आत कोंडून गोल गोल फिरत होता आणि कुठल्या तरी फटीतून नाइलाजानं बाहेर येत होता.

"काकीसाहेब, तुम्ही चारही पंखे आतल्या दिशेनं लावलेत."

"थंड हवा आत यायला पाहिजे म्हणून नी!"

"पण गरम हवा बाहेर कुठून जाणार?"

त्या उदबत्ती हातात धरून कपाळाला हात लावून बसल्या. मग इतक्या हसल्या की उदबत्तीची राख साडीवर पडली. "गरम हवा वर चढते, हे मी उभा जन्म पोरांना शिकवलं. आणि मीच वरचा पंखा उलटा लावला! मुलांनी बघितलं असतं तर?"

मग आम्ही नीट लावले. पंख्याच्या ज्या बाजूला प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या असतात तिकडून हवा बाहेर पडते, हे मी त्यांना दाखवलं. पुढचे दोन आतल्या दिशेनं, मागचा आणि वरचा बाहेरच्या. मदरबोर्डावर पंख्यांच्या पिना जोडायला जागा कमी होत्या, म्हणून एका जागेवरून दोन पंखे चालवणारी फाट्याची वायर घातली. पुन्हा उदबत्ती. धूर पुढून शिरला, एका रेषेत आतून गेला आणि मागून-वरून बाहेर पडला. काकीसाहेबांनी टाळी वाजवली. "हा बघ, नैऋत्य मोसमी वारा! इकडे अरबी समुद्र, तिकडे हिमालय. पुढून जास्त दाब, मागं कमी दाब. वारा थांबेल कसा?" तेव्हापासून त्या घरात कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला अरबी समुद्र असंच नाव पडलं. "बेटा, अरबी समुद्रावर धूळ बसली आहे, फडकं मार," असं त्या खालून ओरडायच्या.

दिव्यांचं प्रकरण मात्र एवढ्या सुखानं पार पडलं नाही. पट्टीचा प्लग होता तीन भोकांचा, पाच व्होल्टचा. त्यांच्या बोर्डावर दिव्यांसाठी जी जागा होती तिथे चार पिना, आणि त्या बारा व्होल्टच्या. प्लग बसत नव्हता. बसूच नये म्हणून तर तो तसा बनवलेला असतो. मी सांगून गेले होते, हात लावू नका, मी विचारून येते. दुपारी ऑफिसात फोन आला.

"बेटा, घाबरू नकोस. एक ज्वालामुखी झाला."

चौथी पिन आड येत होती म्हणून त्यांनी ती भुवया कोरायच्या चिमट्यानं वाकवली होती. "एक सेकंद काय उजेड पडला सांगू," त्या नंतर म्हणाल्या. "पांढरा स्वच्छ. हिमालयावर सकाळी पडतो तसा." त्यानंतर धूर, जळका वास आणि काळवंडलेली पट्टी. नशिबानं बोर्ड वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडी आली तेव्हा काकीसाहेब पट्टी घेऊन गाडीपाशी गेल्या. इंदुरात कचरा वेगवेगळा द्यायचा म्हणजे द्यायचाच. गाडीवाला म्हणाला, सुक्यात टाका. ह्या म्हणाल्या, हे विजेचं आहे, त्याचा कप्पा वेगळा. तो म्हणाला, "काकीजी, जली हुई है, अब काहे की बिजली?" मागे गाड्या अडल्या, हॉर्न वाजायला लागले, तरी ती पट्टी विजेच्याच कप्प्यात गेली.

नवीन पट्टी आणली, तिला बोर्डापासून लांब ठेवलं आणि वेगळ्या छोट्या डबीवर जोडलं. डबीबरोबर एक रिमोट होता. रंग, वेग, उजेड, सगळं त्यावरून कमी-जास्त व्हायचं.

मला वाटलं, झालं. पण मग काकीसाहेब म्हणाल्या, "आता हे गच्चीवर न्यायचं."

गच्चीवर पत्र्याची एक खोली होती. जुने माठ, मोडक्या खुर्च्या ठेवायची. मे महिन्याच्या भर दुपारी तिथे उभं राहिलं की डोक्यात तवा तापल्यासारखं व्हायचं. तिथे टेबल लावलं, यंत्र लावलं, आणि काकीसाहेब ओला पंचा डोक्यावर घेऊन ट्रक चालवायला बसल्या. मी दारात सावलीला. पंखे गरगरत होते. घाटाचा रस्ता त्यांनी मुद्दाम निवडला होता, चढ, वळणं, मग लांब उतार.

"काकीसाहेब, खाली छान थंड आहे. एवढ्या उन्हात इथे कोण चालवणार आहे?"

"छोटू," त्या म्हणाल्या.

उतार संपला. यंत्र बंद पडलं नाही. त्यांनी ट्रक कडेला घेतला, पंच्यानं तोंड पुसलं आणि मला सगळं सांगितलं.

छोटू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. साठी ओलांडलेला, पण नाव छोटूच. त्याचा स्वतःचा ट्रक होता. बहिणीची हौस त्याच्याकडून पुरी व्हायची. सुट्टीत मानपूरला गेली की तो तिला शेजारी बसवून घाट उतरवून आणायचा. बरोबर एक क्लीनर असायचा. पोरका मुलगा, ह्यानंच वाढवलेला. एका खेपेला घाटात उतारावर ब्रेक गेले. छोटूनं ट्रक डोंगराच्या अंगाला घातला म्हणून पुढच्या गाड्या वाचल्या, स्वतः वाचला. क्लीनर वाचला नाही.

"त्याला कोणी दोष दिला नाही. पोलिसांनी नाही, कोर्टानं नाही. पण तो त्या दिवसापासून कुठल्याच गाडीत बसत नाही. ट्रकचं सोड, बसमध्ये नाही, जीपमध्ये नाही. ह्यांचे दिवस झाले तेव्हासुद्धा इंदूरला आला नाही. मी रागावले नाही. माझ्या घरी तो आलाच नाही त्यानंतर."

मागच्या उन्हाळ्यात त्या हे यंत्र घेऊन मानपूरला गेल्या होत्या. म्हटलं, खोटा ट्रक तरी चालव. खूप मिनतवाऱ्या केल्यावर तो बसला. पत्र्याचं घर, वर ऊन. अर्ध्या उतारावर यंत्र तापलं आणि स्क्रीन काळी झाली.

"स्टिअरिंग हातात, आणि समोर अंधार," काकीसाहेब म्हणाल्या. "तो उठला आणि परसात जाऊन बसला. मी एवढी शिकलेली बाई, मी त्याला पुन्हा त्याच उतारावर नेऊन सोडलं."

मी विचारलं, "आणि दिवे?"

"पंखे मशीनसाठी. दिवे छोटूसाठी. तू बघशील."

आम्ही दोघी बसनं मानपूरला गेलो. मी गाडी करू या म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. कॅबिनेट दुलईत गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतलं, स्क्रीन माझ्या मांडीवर, स्टिअरिंग पिशवीत. कंडक्टरनं दुलईकडे बघून सांगितलं, "काकीजी, इसका अलग टिकट लगेगा." काकीसाहेबांनी दुलई जरा जवळ घेतली. "गोद के बच्चे का टिकट नहीं होता, भिया." सगळी बस हसली आणि कंडक्टरही हसत पुढे गेला.

छोटूमामांचं दुकान रस्त्यालाच होतं. ट्रकच्या सजावटीचं सामान. गोंडे, झालरी, माळा, रंगीबेरंगी दिवे. आम्ही उतरलो तेव्हा समोर एक ट्रक उभा होता आणि पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ शिडीवर चढून, खिडकीतून आत हात घालून केबिनमध्ये दिव्यांची माळ लावत होते. ड्रायव्हर आत बसून म्हणत होता, "उस्ताद, अंदर आ जाओ, आराम से लगाओ." मामा मान हलवत होते आणि बाहेरूनच, हात ताणून, एकेक दिवा बसवत होते. पाय शिडीवरच. मला तेव्हा दिव्यांचं कारण समजलं. गाडीतल्या एवढ्या एकाच गोष्टीला त्यांचा हात अजून लागत होता.

"जिजी, जेवलीस?" त्यांनी शिडीवरूनच विचारलं. मग त्यांना दुलई दिसली. "परत आणलंस ते?"

"परत आणलं."

"बंद पडतं ते, जिजी."

"आता नाही पडत."

"राहू दे नी."

काकीसाहेबांनी वाद घातला नाही. मागच्या खोलीत टेबल लावलं, वायरी जोडल्या. मामा दारात उभे, आत येईनात. काकीसाहेबांनी यंत्र सुरू केलं आणि रिमोटवरून सगळे दिवे एकदम जोरात लावले. लाल, निळा, हिरवा, जांभळा, पळताहेत नुसते. सगळा उजेड थेट खुर्चीवर बसणाऱ्याच्या डोळ्यांत.

मामांनी थोडा वेळ सहन केलं. "हे कोणी लावलं?"

"मी."

"डोळ्यावर येतं आहे. चालवणाऱ्याच्या डोळ्यावर कधी उजेड घ्यायचा नसतो."

"मग कुठे घ्यायचा?"

"सरक."

ते आत आले. काच काढली, पट्टी एका कडेनं अलगद सोडवली आणि पाठीमागच्या बाजूला अशी चिकटवली की उजेड भिंतीवर पडावा. त्यासाठी वाकावं लागत होतं म्हणून शेजारच्या खुर्चीवर टेकले. खोलीत ती एकच खुर्ची होती आणि ती स्टिअरिंगसमोर होती. रिमोट घेऊन त्यांनी पळणारे रंग बंद केले आणि एक मंद नारिंगी ठेवला. खोली एकदम शांत वाटायला लागली. मग त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि त्यांचे हात, कुठे ठेवायचे ते न सुचल्यासारखे, स्टिअरिंगवर येऊन बसले.

मी काकीसाहेबांकडे बघितलं. सतत बोलणारी ही बाई ओठ मिटून उभी होती. मलाही तिनं डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

मग मामांनी पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या.

ट्रक इतका सावकाश निघाला की मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या. मामांनी लक्ष दिलं नाही. चढ पार झाला. उतार सुरू झाला तसे त्यांचे खांदे आवळले गेले. "गिअर," ते स्वतःशीच पुटपुटत होते, "गिअर सोडायचा नाही, गिअर." वर पत्रा तापून कडकडत होता. पंख्यांचा आवाज चढला. काकीसाहेब यंत्राच्या मागे गेल्या आणि मागच्या पंख्यापुढे तळहात धरून उभ्या राहिल्या. त्यातून गरम झोत येत होता. ताप आलेल्या पोराजवळ बसावं तशा त्या पूर्ण उतारभर तिथून हलल्या नाहीत.

शेवटचं वळण आलं. रस्ता सपाट झाला. मामांनी ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक लावला, इंजिन बंद केलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"तो पोरगा म्हणायचा," ते म्हणाले. "उस्ताद, हळू घ्या."

काकीसाहेब म्हणाल्या, "म्हणायचाच तो."

एवढंच. काकीसाहेब परसात गेल्या आणि विनाकारण कळशी घासत बसल्या. मी काय करावं न कळून पंख्यावरची धूळ पुसत राहिले. थोड्या वेळानं मामांनी मला हाक मारली. "बेटा, ह्यात परतीचा रस्ता आहे का?"

यंत्र मानपूरलाच राहिलं. परतीच्या बसमध्ये काकीसाहेबांची मांडी रिकामी होती, आणि त्या जरा रुसल्यासारख्या खिडकीबाहेर बघत होत्या. "आता मी काय चालवू?" असं त्यांनी मला दोनतीनदा विचारलं. मी म्हटलं, माझ्या यंत्रावर चालवा. त्यांनी नाक मुरडलं. "तुझ्या अरबी समुद्रावर किती धूळ आहे, बघितलं आहेस?" तरी पुढे रोज संध्याकाळी त्या वर येऊ लागल्या. माझं काम राहायचं आणि गल्लीत हॉर्न वाजायचा.

मानपूरहून फोन यायचे. आधी मामा यंत्राबद्दल बोलायचे, धूळ कशी काढायची, पट्टी सुटली तर कशानं चिकटवायची. मग रस्त्यांबद्दल. काकीसाहेब फोन कानाला लावून भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर बोट फिरवत, त्यानं कुठे वळण घेतलं असेल ते शोधत बसायच्या. पण प्रत्येक फोनच्या शेवटी त्या "इंदूरला ये" म्हणायच्या आणि पलीकडून काही उत्तर यायचं नाही. मग त्यांनी ते म्हणणं सोडून दिलं.

थंडीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून बऱ्याच वेळा डोळ्यात औषध घालायचं होतं. सकाळ-संध्याकाळ मी घालत होते, दुपारी शेजारच्या वहिनी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी वहिनी गावाला गेल्या. मी ऑफिसातून सुट्टी घेऊन घरी थांबले. काकीसाहेब हिरवा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या आणि मला रागावत होत्या, की एवढ्याशा कामाला कोणी सुट्टी घेतं का. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

मी दार उघडलं. पायरीवर छोटूमामा उभे होते. इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी, चेहरा घामानं डबडबलेला. भर थंडीत. मी बाजूला झाले.

"कोण आहे गं?" काकीसाहेबांनी आतून विचारलं.

"मी आहे, जिजी."

काकीसाहेबांनी चष्म्याला हात लावला, पण काढला नाही. त्यांनी विचारलं, "चालत आलास?"

"बसनं आलो."

"कुठे बसलास?"

"ड्रायव्हरच्या मागं."

"कसा चालवत होता?"

"पोरगा आहे. उतारावर घाई करतो." मामांनी पिशवी खाली ठेवली. "दोनदा सांगितलं मी त्याला. दुसऱ्यांदा ऐकलं त्यानं."

मी औषधाची बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी हात धुतले, बहिणीची मान मागे टेकवली, चष्मा काढला आणि थेंब सोडला. तो गालावरून ओघळला. दुसरा सोडला, तोही ओघळला. काकीसाहेबांच्या डोळ्यांतून इतकं पाणी येत होतं की औषध आत थांबतच नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले आहेत, रडायचं नाही म्हणून," मी म्हटलं.

"मी कुठे रडते आहे?" काकीसाहेब म्हणाल्या. "तू घाल रे औषध."

मामांनी बाटलीचं झाकण लावलं आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"रडून होऊ दे, जिजी," ते म्हणाले. "आज परत नाही जायचं मला."